मुक्या चित्राचा प्रॉम्प्टर

सोलापुरात ज्या बाईनं मला पहिल्यांदा जेवायला वाढलं, तिला ऐकू येत नव्हतं.

अगदीच बहिरी होती असंही नाही. मागून हाक मारली तर पत्ता लागत नसे. पण समोर तोंड करून बोललं तर एक शब्द सुटत नसे. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती, परकरात होती तेव्हापासून. तिथं यंत्रांचा आवाज असा की शेजारणीनं कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही कळत नाही. म्हणून तिथल्या बायका ओरडतच नाहीत. नुसते ओठ हलवतात. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला, मधे वीस यंत्रं असताना, सुनेनं आज कालवणात मीठ घातलं नाही हे सांगते आणि ती तिकडून हसते. मुकादमाला वाटतं, बाई उगाच हसली. कान गेले तरी त्यांचं काही अडत नाही, कारण त्यांचं ऐकणं कधीच डोळ्यांत येऊन बसलेलं असतं.

या बाईपासून मी एक गोष्ट लपवली. ती माझ्या हातून कशी लपवली गेली आणि पुढं काय झालं, तेवढंच मला सांगायचं आहे. मी फार शिकलेला नाही, तेव्हा मागंपुढं होईल.

मी रत्नागिरीकडचा. मराठी चौथी झाली आणि वडील गेले. अक्षर बरं होतं, म्हणून मामानं एका नाटक कंपनीत नेऊन बसवलं, नटांच्या नकला उतरून द्यायला. प्रत्येकाला आपापल्या भाषणांची वेगळी वही लागते, तिला नक्कल म्हणायचं. पुढं त्याच वह्या हातात घेऊन मी विंगेत उभा राहायला लागलो. नट अडला की पुढचा शब्द द्यायचा. प्रॉम्प्टर. स्वभाव मूळचा भित्रा. नट अडला की त्याच्याआधी घाम मला फुटायचा. गावाहून निघताना आईनं सांगितलं होतं, कुणाचं मन मोडू नको. तेवढी एकच गोष्ट मी सगळीकडं बरोबर घेऊन फिरत आलो, आणि तिनंच माझा घात केला असं मला पुष्कळदा वाटतं.

कंपनीचा मुक्काम सोलापूरला पडला तेव्हा मला मिसरूड फुटली होती. तिसऱ्या दिवशी ताप भरला. बिऱ्हाडातले लोक तालमीला निघून गेले, मी चटईवर पडून. तेव्हा कंपनीतला एक नट मला पाठीवर घालून आपल्या घरी घेऊन गेला. त्याला मी पुढं अण्णा म्हणायला लागलो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. जात विणकराची, घरी तेलुगू बोलायचे. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग होता. वडील वारल्यापासून तो बंद, त्यावर आता कपडे वाळत असत. घरात तो आणि त्याची आई, दोघंच.

तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "तिन्नावा?"

मी अण्णाकडं बघितलं.

"जेवलास का म्हणते," अण्णा म्हणाला. "नाही म्हण. व्हय म्हटलास तरी वाढणारच हाय ती."

मी काहीतरी पुटपुटलो. तिनं माझ्या तोंडाकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "ह्याच्या ओठाला कुलूप हाय की!"

ज्वारीची भाकरी कुस्करून त्यावर चिंचेचं पातळ सार. अंगातला ताप विसरून मी दोन थाळ्या खाल्ल्या. दहा दिवस तिथं होतो. बरा झाल्यावर बिऱ्हाडात परत गेलो, पण जेवायला रोज तिथंच. तिनं बोलावलं म्हणून. ती मला बिड्डा म्हणायची, म्हणजे लेकरू. मी अम्मा म्हणायचो, अण्णा म्हणायचा म्हणून. पहिला महिनाभर तिनं मला बोलायला शिकवलं. आम्ही कोकणातले लोक बोलतो ते निम्मं नाकातून आणि ओठ न हलवता, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ती समोर बसायची, माझी हनुवटी धरायची आणि म्हणायची, "उघड. खिडकी उघडतात तसं उघड."

"समुद्र," मी म्हणायचो.

"केवढा असतो? सिद्धेश्वराच्या तळ्याएवढा?"

"लई मोठा, अम्मा. पलीकडचा काठच दिसत नाही."

"मग बायका धुणं धुऊन पलीकडं जातात कशा?" आणि स्वतःच तोंडावर पदर घेऊन हसायची. तिला माहीत नव्हतं की मला चिडवायला विचारायची, ते मला आजवर कळलेलं नाही.

या शिकण्याचा असा उपयोग झाला की कंपनीत माझ्यासारखा प्रॉम्प्टर नाही, असं लोक म्हणायला लागले. म्हणजे अण्णापुरतं. बाकीच्यांना मी पुटपुटून शब्द द्यायचो तसाच देत होतो. पण अण्णा त्याच आईच्या मांडीवर वाढलेला. त्याला ओठ वाचता यायचे. मी विंगेतून नुसते ओठ हलवायचे आणि त्यानं ते उचलायचे. पुढच्या रांगेतल्या माणसालाही वास लागायचा नाही.

अण्णाचं दुःख वेगळं होतं. अंगानं उंच, डोळे असे की तो नुसता येऊन उभा राहिला तरी पिटातली माणसं गप्प व्हायची. पण तोंड उघडलं की घोटाळा. घरची भाषा मराठीच्या आड यायची. एकदा दरबारात भर प्रवेशात तो म्हणाला, "राणीसाहेब आला!" आणि पिटात असा हशा उठला की राणीसाहेबांना विंगेतून बाहेर यायची सोय राहिली नाही. त्यामुळं त्याला भालदार, दूत, फार तर सेनापती. दोन वाक्यं. दोन वाक्यांसाठी तो तास तास तालीम करायचा, माझ्या ओठांकडं बघत.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत त्या साली तंबूत इटलीचं एक चित्र आलं. मुकंच, तेव्हा सगळीच मुकी. हस्तपत्रकावर छापलं होतं की त्यातला मुख्य नट आधी त्याच्या देशात नाटकात कामं करत असे, आणि आता चित्रांतून जगभर दिसतो. नाव असं होतं की आम्हा कुणाला उच्चारता आलं नाही. अण्णा ते चित्र सहा वेळा पाहून आला. नाटकातला माणूस, पडद्यावर गेला, आणि त्याला तोंडानं काही म्हणावं लागत नाही! सातव्या वेळी तो अम्माला घेऊन गेला, बरोबर मी.

पडद्यावर तो इटलीचा नट एका बाईचा हात धरून बोलत होता. बराच वेळ बोलला. अम्मा टक लावून बघत होती.

"काय म्हणाला गं?" अण्णानं तिला विचारलं.

"त्याची भाषा मला कुटं येती?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण त्यो त्या बाईशी बोलत न्हाई."

"मग?"

"तिच्या मागं कुणीतरी उभं हाय. आपल्याला दिसत न्हाई. त्याच्याशी बोलतोय. डोळे बघ की."

अण्णा माझ्याकडं वळला आणि माझ्या पाठीत थाप घालून म्हणाला, "ऐकलास काय बे कोकण्या? इटलीवाल्यालाबी प्रॉम्प्टर हाय!"

बाहेर येताना अम्मा एवढंच म्हणाली, "त्याची आई कुठं बघत असंल काय?"

ते वर्ष संपता संपता कोल्हापूरहून एक चित्र काढणारे गृहस्थ आले होते, त्यांनी आमचं नाटक पाहिलं. त्यांना आवाजाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी अण्णाला उचललं. एका किल्लेदाराच्या मुलाचं काम, नायकाच्या खालोखाल. शेवटी लढाईत मरतो. अण्णानं एकच अट घातली, प्रॉम्प्टर बरोबर येईल.

दिग्दर्शक हसून हसून बेजार झाले. "अहो, मुक्या चित्राला प्रॉम्प्टर? मग पेटीवालाही आणायचा होता!"

पण अण्णाला समोर कुणी शब्द देणारं नसलं तर डोळ्यांत काही येत नसे. ते त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं, आणि मग मला कॅमेऱ्याच्या शेजारी एका खोक्यावर उभं केलं. मी वही धरून ओठ हलवायचो, तो बघायचा आणि बोलायचा. सगळे म्हणायचे, याच्या डोळ्यांत काय जीव आहे! आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. संध्याकाळी तोंडावरचा रंग पुसता पुसता तो मला म्हणायचा, "आज मी 'राणीसाहेब आला' म्हणून बघितलो बे. कुणालाच कळलं न्हाई."

खोकला त्याला आधीपासून होता. धुळीचा म्हणायचा. लढाईच्या दृश्यात रक्त म्हणून तिथं काजळाचं पाणी लावत. चित्रात लाल काय आणि काळं काय, दोन्ही काळंच दिसतं. सगळ्यांच्या अंगावर काळे डाग. एका दुपारी अण्णा खोकून आला आणि त्याच्या बाहीवर मी लाल डाग पाहिला. लाल म्हणजे ते चित्रातलं नव्हतं.

तो माझ्या डोळ्यांकडं बघून समजला. बाही आत दुमडून घेतली. लगेच मरणाचं दृश्य घ्यायचं होतं, ऊन उतरायच्या आत.

तो दगडावर पडला. माणसांनी त्याचं डोकं वर उचललं. मी खोक्यावरून शब्द दिले: "माझ्या आईला सांगा, मी पाठ दाखवली नाही." त्यानं माझ्या ओठांकडं पाहिलं. मग सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्याचे ओठ हलले.

"अम्माला सांगू नको."

मी वही खाली केली. तो पुन्हा म्हणाला, "अम्माला सांगू नको." आणि मान टाकली.

"वाहवा!" दिग्दर्शक ओरडले. "डोळ्यांत खरं पाणी आलं!"

चित्र पुरं झाल्यावर त्यानं मला सोलापूरला पाठवलं आणि स्वतः मिरजेला डॉक्टरांकडं गेला. क्षय. बरा होऊन येतो म्हणाला. "ती खातं सोडून धावत येईल. खोकल्याच्या माणसापाशी बसंल. तिलाबी लागंल. तू सांग, दुसऱ्या चित्रात अडकलाय."

मी तसं सांगितलं. समोर बसून, तोंड उघडून, जसं तिनं शिकवलं होतं तसं. दर रविवारी ती विचारायची आणि दर रविवारी मी सांगायचो. चित्रात घोड्यावर बसतो. जाड झालाय. कोल्हापूरची माणसं चांगली आहेत. ती बघत राहायची. एकदा म्हणाली, "बिड्डा, आज पुन्हा कुलूप लागलं तुझ्या ओठाला." मी म्हटलं, दात दुखतोय. तिनं लवंग आणून दिली.

दीड महिन्यानं मिरजेहून परक्या अक्षरातलं पत्र आलं. सगळं उरकलं होतं.

मी तिला सांगितलं, एकाएकी ताप आला. दोन दिवस.

"दोनच?" तिनं विचारलं.

"दोनच."

ती मागाच्या खड्ड्यात उतरली आणि तिथंच बसली, अण्णाचे वडील बसायचे तिथं. शेजारच्या बायका आल्या, रडल्या. तिनं आवाज काढला नाही. मी उंबऱ्यावर होतो. तो दिवस मी इथं याहून जास्त लिहू शकत नाही.

कंपनी पुढच्या मुक्कामाला गेली, मी गेलो नाही. ट्रंक उचलून अम्माकडंच राहायला आलो. तिला एकटीला टाकून जायचं कसं, असं लोकांना सांगितलं. खरं म्हणजे मलाच जायला दुसरीकडं घर नव्हतं. गावी आईही तोवर राहिली नव्हती. एका चित्रगृहात मी कामाला लागलो. पडद्यावर अक्षरं यायची ती मोठ्यानं वाचून दाखवायची, वाचता न येणाऱ्या लोकांसाठी. चौथीपर्यंतचं शिक्षण तिथं उपयोगी पडलं. आणि मग तीन महिन्यांनी अण्णाचं चित्र सोलापूरला आलं.

पहिला खेळ बुधवारी दुपारचा. अण्णाचं तोंड दरवाजाएवढं झालेलं मी पाहिलं. आणि शेवटच्या रिळात ते ओठ हलले. एकदा. मग पुन्हा. लगेच अक्षरं आली आणि मी घसा ताणून वाचलं: "माझ्या मातेस कळवा, मी पाठ दाखवली नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला दरदरून घाम सुटला होता. सगळ्या गावात ते ओठ वाचू शकणारी एकच बाई आहे, आणि ती रविवारी, गिरणीला सुट्टी असते तेव्हा, येणार. वाचलं की तिला कळणार की त्याला मरण दिसत होतं, मला ठाऊक होतं, आणि मी दीड महिना तिच्या हातचं खाऊन तिला ते सांगितलं नाही. ती मला घराबाहेर काढेल. काढणं बरोबरच होतं. पण मला ते सोसणार नव्हतं.

मी तिला अडवून पाहिलं. म्हटलं, "अम्मा, नको येऊ. तुला बघवणार नाही. त्यात तो मरतो."

ती म्हणाली, "खरं मरताना मी न्हवते. तितं तरी बघते."

शनिवारी दुपारी मी ऑपरेटरच्या खोलीत गेलो. तो याच गावचा, दखनी बोलणारा, भला माणूस. मी त्याला म्हटलं, शेवटच्या रिळातली एवढी पट्टी काप.

"क्या बोल्ता तू? कैंची मारूं? नोकरी खाताय क्या मेरी?"

"त्याची आई येणार आहे उद्या. तिला तेवढं बघवणार नाही."

 मग त्यानं रीळ उतरवलं, उजेडात धरून मी दाखवली ती जागा पाहिली आणि कैची लावली. दोन्ही टोकं डिंकासारख्या कशानं तरी जोडली. "माँ का नाम लिया, इस वास्ते," म्हणाला. अडीच हात पट्टी त्यानं माझ्या हातावर ठेवली. मी ती गुंडाळून ट्रंकेत टाकली. त्या रात्री, पुष्कळ दिवसांनी, मला झोप लागली.

रविवारी ती आली. धुतलेलं लुगडं, हातात काही नाही. बरोबर तिच्या खात्यातल्या चार बायका. पुढं बायकांच्या बाजूला बसल्या. मी पडद्याच्या कडेला उभा. जिथं जिथं अण्णा दिसला तिथं मी तिच्याकडं पाहत होतो. ती पहिल्यापासून पुढं वाकून बसली होती, हात गुडघ्यांवर. अण्णा घोड्यावर बसला तेव्हा ती थोडी हसली. मी घोड्याचं सांगितलं होतं, तेवढं तरी खरं निघालं.

शेवटचं रीळ. अण्णा पडला. डोकं उचललं. त्यानं डोळे वर केले, ओठ उघडले, आणि चित्रानं उडी मारली. अक्षरं.

"माझ्या मातेस कळवा," मी वाचलं, "मी पाठ दाखवली नाही!"

टाळ्या. पुढं सैनिक माना खाली घालून उभे. ती तशीच पुढं वाकलेली. जसं अजून यायचंच आहे काहीतरी. तिच्या शेजारची बाई एकदम मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! हितंच व्हतं की! कुटं गेलं?"

"गप बसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

 तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या गावात ओठ वाचणारी एकच बाई, असं मी धरून चाललो होतो. सगळं खातंच्या खातं वाचत होतं! इतके दिवस तिच्या हातचं जेवत होतो, त्या बायका एकमेकींशी कशा बोलतात ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि एवढं मला सुचलं नाही.

बाहेर उन्हात त्या घोळक्यानं उभ्या होत्या. तीच बाई मला म्हणाली, "अवो मास्तर, गुरुवारी खातं सुटल्यावर आमी आलो तवा बोलला की त्यो! अम्माला सांगू नको म्हन्ला. दोनदा म्हन्ला. आमीच हिला जाऊन सांगितलं, बाई, तुझं लेकरू मरताना तुझं नाव घेतंय. त्येच बघायला आली ही. चार दिस झालं, जेवली न्हाई धड."

म्हणजे तिला गुरुवारपासून ठाऊक होतं. शुक्रवारी, शनिवारी तिनं मला वाढलं ते सगळं ठाऊक असून वाढलं. मला काही विचारलं नाही. तिला त्याच्या तोंडून अम्मा एवढं बघायचं होतं. तेवढंच त्या अख्ख्या चित्रात तिचं होतं, आणि तेवढंच मी कापलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड बघून तिला आणखी काही वाचायची गरज उरली नाही.

"तू?" ती म्हणाली.

मी बोलायला ओठ उघडले, आणि तिनं तोंड फिरवलं.

ज्यांना कानांनी ऐकू येतं त्यांना हे कळणार नाही. आपल्यावर कुणी रागावलं तरी आपलं बोलणं त्याच्या कानात शिरतंच. तिचं तसं नव्हतं. तिनं तोंड फिरवलं की दार बंद. मी समोर गेलो की ती डोळे मिटायची. आठ दिवस. थाळी मात्र दोन्ही वेळा यायची. पाठ करून, जमिनीवर सरकवलेली. भाकरी तशीच, सारही तसंच. मी जेवायचो. काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मी ऑपरेटरकडं धावलो होतो. तो म्हणाला, चित्र सोमवारच्याच गाडीनं गुलबर्ग्याला गेलं, आता काय जोडणार? "तू बोल्या था ना, माँ से नै देखा जाएगा?"

आठव्या दिवशी मी ट्रंकेतून पट्टी काढली आणि ती स्वयंपाक करत होती तिथं चुलीपासून लांब, उंबऱ्यावर ठेवली. तिनं हात पुसले. पट्टी उचलली, दारातल्या उजेडात धरली. एकाखाली एक, नखाएवढे अण्णा. एकात तोंड मिटलेलं, पुढच्यात जरा उघडलेलं, आणखी पुढच्यात आणखी. तिनं वरून खाली पाहिलं. मग पट्टीचं टोक वर धरून ती दोन बोटांतून झरझर खाली सोडली, गिरणीत सूत सोडतात तशी. धागा पळायला लागला की चालू होतं ना सगळं, तसं. पुन्हा वर घेतली, पुन्हा सोडली. तीन-चार वेळा. तो हलला नाही.

"ह्यात गप हाय त्यो," ती म्हणाली. आठ दिवसांनी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

मी समोर बसलो. तिनं डोळे मिटले नाहीत.

"तू व्हतास की समोर. तू म्हण."

माझा आवाज फाटून बाहेर आला. तिनं हात वर केला. ऐकू येत नसलं तरी गळ्याच्या शिरा तिला दिसायच्या. "आवाज नको. ओठ उघड. त्यानं म्हटलं तसं."

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. अम्माला सांगू नको.

"दोनदा म्हन्ला."

मी दुसऱ्यांदा म्हटलं.

मग मी थांबलो नाही. बाहीवरचा लाल डाग, मिरज, दीड महिना, ते पत्र, दोन दिवसांचा ताप खोटा, सगळं तसंच आवाजाशिवाय सांगितलं. एकेक शब्द उघडून, कुलूप न लावता. एवढं सगळं एका दमात मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. ती बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, ती उठली नाही.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, "मिरजेला जायला किती वेळ लागतो?"

"सकाळची गाडी धरायची. कुर्डुवाडीला बदलायची. दिवे लागायच्या आत पोचतं माणूस."

"एकाच दिवसात?"

"एकाच दिवसात, अम्मा."

तिनं मान हलवली.  पट्टी गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवली, करपलेली भाकरी बाजूला टाकली आणि माझ्यासाठी दुसरी थापायला घेतली.

तिनं मला काढलं नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. चित्रं बोलायला लागली, अक्षरं वाचून दाखवायचं माझं काम गेलं, मी एका पेढीवर वह्या लिहायला लागलो. तिची गिरणी सुटली. दिसायलाही आता थोडं कमी झालंय तिला, म्हणून मी बोलताना जवळ जाऊन बसतो. तिच्या घरात राहतो, तिच्या हातचं खातो. या गावात माझं म्हणून जे काही आहे ते सगळं तिच्यामुळं, आणि हे मी कुणापुढंही सांगेन. फक्त एक झालं. थाळी पुढं ठेवण्याआधी ती 'तिन्नावा' असं विचारायची, ते त्या दिवसापासून थांबलं ते थांबलंच.

एखाद्या रविवारी दुपारी मात्र ती काम आटोपून माझ्यासमोर येऊन बसते. पदरानं डोळे नीट पुसते, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहते. मागत काही नाही. मी वही मिटतो, दाराच्या उजेडाकडं तोंड करतो, आणि दोनदा म्हणतो.